निघेल म्हणायचं नाही

प्रिय बटण,

तुझं पार्सल पोचलं. कोरफडीची बाटली वाटेत थोडी गळली होती, पण तू ती तीन पिशव्यांत घालून वर रबर लावलं होतंस, म्हणून बाकीचा माल वाचला. पॅकिंग अगदी तुझ्या आईचं. मधाची बरणी, संत्र्याच्या सालीची पूड आणि तो दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद, 'हातावरचे काळे डाग घालवण्याचे घरगुती उपाय', एक ते चौदा, फोनवर सांगून झालेले धरून. खाली लिहिलंयस, 'बाबा, यातलं काहीच लागू पडलं नाही तर फोन कर.' फोन करत नाही, पत्र लिहितोय. म्हाताऱ्याला ही काय हुक्की आली, असं म्हणशील. त्याचं कारण असं की तुझे कान माझ्यावर गेलेत. मी नुसतं 'हॅलो' म्हणालो तरी पुढचं सगळं तुला ऐकू येतं, आणि मग मला जे ज्या क्रमाने सांगायचंय ते तसं सांगता येत नाही. कागदावर आवाज जात नाही, तेवढाच त्याचा फायदा.

क्रमाने म्हणजे पार मागच्या वर्षापासून. एका दुपारी तुझ्या आईने दुकानाच्या मागच्या खोलीतून हाक मारली, "अहो, इकडे या जरा." डागांच्या टेबलावरचा मोठा दिवा लावून तिने त्याखाली स्वतःचे दोन्ही हात पालथे धरले होते. मनगटापासून बोटांपर्यंत तपकिरी ठिपके. बरेचसे डाळीएवढे, एक डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चांगला शर्टाच्या बटणाएवढा. ते मला नवीन नव्हते. माझ्याही हातांवर आहेत, साठी उलटली की येतात. मला वाटलं, जन्मभर दुसऱ्यांचे कपडे उजळवून झाल्यावर बाईसाहेबांना आता स्वतःकडे बघायला फुरसत मिळाली. गंमत वाटली. पुढे काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळत होतं. मी म्हणालो, "निघेल की! त्यात काय एवढं?" आणि पुढे निघून गेलो.

बटण, तू त्या टेबलाखाली बसून गळालेली बटणं रंगवार लावत मोठी झालीस, तेव्हा मी काय चूक केली ते तुला लगेच कळलं असेल. तरी पुन्हा सांगतो, म्हाताऱ्यांना तेवढी मुभा असते.

मी त्या जुन्या लाँड्रीत लागलो तेव्हा माझ्याकडे दोन शर्ट होते आणि एक चांगली जीभ. मालकाने मला काउंटरवर उभं केलं ते जिभेमुळे. पहिल्याच दिवशी एक बाई रेशमी ओढणी घेऊन आल्या, शाईचा डाग. मी छाती पुढे काढून म्हणालो, "निघेल, ताई, बुधवारी या." मागच्या दारात एक मुलगी ओले हात पुसत उभी होती. बाई गेल्यावर ती म्हणाली, "नवीन का तू? मग एक ऐकून ठेव. निघेल म्हणायचं नाही. बघू म्हणायचं. तू इथे तोंडाने काढतोस, मला तिथे हाताने काढावा लागतो." आणि तीन प्रश्न शिकवले. डाग कशाचा? किती दिवसांचा? आणि घरी काही लावलंत का? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण माणसं घरी काहीबाही लावतात, गरम पाणी ओततात, मीठ चोळतात आणि नुसता पडलेला डाग चांगला बसवून आणतात. ती ओढणी बुधवारी डागासकट परत गेली आणि शिव्या मी खाल्ल्या. पुढे वर्षभराने त्या मुलीने मला 'तू' म्हणायचं सोडून 'अहो' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही स्वतःचं दुकान टाकलं. पुढे मी, मागे ती. लोकांना वाटायचं दुकान माझं आहे. मी तसं वाटू द्यायचो.

माझे कान आणि तिचे डोळे, या दोन गोष्टींवर आपलं घर उभं राहिलं. गिऱ्हाईक खोटं बोललं की मला आवाजावरून कळायचं, तिला डागावरून. तो बँकेतला साहेब आठवतो? कॉलरवरचा डाग बिटाचा आहे म्हणून तीनतीनदा सांगत होता. मागून तुझी आई म्हणाली, "साहेब, बीट ओठांच्या आकाराचं कधीपासून उगवायला लागलं?" बिचारा शर्ट तसाच ठेवून पळाला. तो न्यायला आली त्याची बायको, आणि तिला मात्र तुझ्या आईने शांतपणे सांगितलं, "बिटाचा होता, गेला." असली बाई.

आणि त्या गुलाबी चिठ्ठ्या. डाग निघालाच नाही तर कपडा इस्त्री करून, घडी घालून, वर चिठ्ठी टाचून परत द्यायचा, ही पद्धत तिची. मजकूरही तिचा. छापायला देताना मी म्हणालो होतो, शेवटचं वाक्य कशाला? आपण हरलो असं वाटतं. तर म्हणाली, "अहो, डाग राहिला तर शिव्या खाऊ. कापड गेलं तर गिऱ्हाइकापुढे कुठल्या तोंडाने उभं राहणार?" ते वाक्य तसंच राहिलं. तू शाळेत असताना त्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायचीस.

तर, मी "निघेल" म्हणालो आणि विसरलो. ती विसरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवत तिने विचारलं, "निघाला का?" मी विचारलं, काय? तिने हात पुढे केले. मग मी तिला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण पोरगा होता, चांगला होता. "काकू, हे वयाचे डाग. त्रास काही नाही. मलम देतो, थोडे पुसट होतील. उन्हात फिरू नका." बाहेर आल्यावर तुझी आई म्हणाली, "कच्चा आहे हो. घरी काही लावलंत का, हे विचारलंसुद्धा नाही." मलमाची ट्यूब तिने उघडलीही नाही. औषधाच्या दुकानातलं काहीही आपण डागाला आधी लावत नाही, आधी घरातलं, सौम्य. तिचाच नियम.

तेव्हा तुला फोन केला आणि तुझे उपाय सुरू झाले. ते दोनतीन महिने खरंच मजेचे होते. लिंबू आणि मध नऊ दिवस. आंबट दह्याचा लेप. बटाट्याच्या चकत्या तू सांगितल्या नव्हत्यास, त्या शेजारच्या शिंप्याने सुचवल्या. "वहिनी, चकती ठेवून पंधरा मिनिटं बसा, माझ्या सासूचे आठवड्यात गेले." तुझ्या आईने विचारलं, "डाग की सासू?" शिंपी अजून तो विनोद येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो. आणि काम कसं, तर टेबलावरचंच. कुठलीही गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायची, जसं कापडाला आधी शिलाईच्या आत लावतो. उपाय फक्त डाव्या हातावर, उजवा तसाच ठेवायचा, फरक कळायला. वहीत तारीख, काय लावलं, किती वेळ. मी तुला फोनवर ती वही वाचून दाखवायचो आणि तू म्हणायचीस, "आई म्हणजे ना, शास्त्रज्ञच आहे."

एक दिवस तिच्या बाहीला सेफ्टी पिनने बिल्ला लावलेला दिसला. आपला नेहमीचा, कपड्यांना लावतो तो. वर नंबर आणि खाली 'बुधवार'. मी खो खो हसलो. म्हटलं, वा, आता स्वतःलाच धुवायला टाकलंस का? ती हसली नाही. बिल्ल्याकडे बघत म्हणाली, "गिऱ्हाईक बुधवारी येणार आहे. तुम्ही शब्द दिलाय." मला वाटलं, माझी फिरकी घेतेय. बटण, ज्या माणसाला दारातून आत येणाऱ्याच्या खोकल्यावरून त्याचा डाग कळायचा, त्या माणसाला हे वाक्य ऐकून वाटलं, बायको आपली फिरकी घेतेय.

मग तुझा आठवा उपाय, हळद आणि साय. तो केला ती चूक माझी, तुझी नाही. तू सरळ मनाने सांगितलास, पण लक्षात ठेवायला मी हवं होतं. आपल्या धंद्यात हळदीइतका वाईट डाग नाही. लेप धुतला आणि तिने हात दिव्याखाली धरले, पिवळेजर्द. मी तुझ्या आईला गिऱ्हाइकापुढे कधी रडताना पाहिलं नव्हतं, माझ्यापुढे दोनदा. त्या दिवशी ती लहान मुलीसारखी रडली. "कुणी लावलं हे? डागावर डाग? आता मी काय सांगू त्यांना?" हळदीला ऊन लागतं, हे तिनेच मला शिकवलेलं. म्हणून मी तिला गॅलरीत नेलं, दोन खुर्च्या टाकल्या आणि तिचे हात उन्हात धरून बसलो. रोज सकाळी तासभर, पाच दिवस. हात माझ्या मांडीवर पालथे, समोर वाळत घातलेल्या चादरी. चाळीस वर्षांत तिचे हात इतका वेळ माझ्या हातात कधी नव्हते, मोकळे असायचेच कधी? पाचव्या दिवशी हळद उडाली. आणि खालचे काळे डाग आणखी गडद झाले, कारण त्यांना ऊन चालत नाही. त्या डॉक्टर पोराने तेवढं एकच सांगितलं होतं.

गॅलरीतल्या त्या शेवटच्या सकाळी ती मला म्हणाली, "मास्तर, आता इस्त्रीला घ्या." जुन्या लाँड्रीत इस्त्रीवाल्याला सगळे मास्तर म्हणायचे. तो मरून तीस वर्षं झाली. मी म्हणालो, घेतो. दुसरं काय म्हणणार? त्यानंतर मी कधी 'अहो' असायचो, कधी मास्तर. मी कान लावून बसायचो, आज कोण आहे मी. सकाळी 'अहो' ऐकू आलं की दिवस बरा. हळूहळू बरे दिवस मोजायला एका हाताची बोटं पुरायला लागली. मार्चमध्ये एकदा काउंटरवर मला बघून ती थबकली आणि म्हणाली, "नवीन का तू?" पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी वाट बघत उभा राहिलो. ते काही आलं नाही. ती आत निघून गेली.

तुलाही एक आठवत असेल. तुझ्या वाढदिवसाला मी फोन तिच्या कानाला लावला. तू बोलत राहिलीस, तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं ताई, बुधवारी या." तू केवढी हसलीस. म्हणालीस, "बाबा, आई काय भारी नक्कल करते." मीही हसलो. माझं हसू तुझ्या कानांनी कसं काय सोडलं कोण जाणे. कदाचित सोडलं नसेल, तुलाही ते ऐकायचं नसेल. ती नक्कल नव्हती, बटण. गिऱ्हाइकाचा फोन होता.

डोक्याच्या डॉक्टरकडे मी तिला एप्रिलमध्ये नेलं. तुला सांगितलं नाही. मशिनमध्ये घालून फोटो काढले, तिला वर्ष विचारलं, घड्याळ काढायला सांगितलं. तिने गोल काढला आणि त्यात चार भोकं काढली, बटणाला असतात तशी. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "निघेल का हो?" त्यांना संदर्भ काय कळणार, पण अर्थ कळला. म्हणाल्या, "नाही, काका. वाढत जाईल. किती वेगाने, एवढंच बघायचं." गोल गोल बोलल्या नाहीत, औषध लिहून देताना खोटं हसल्या नाहीत. तुझ्या आईने त्यांना उभ्या उभ्या कामाला ठेवलं असतं.

आणि तरी मी तुझ्याशी डागांबद्दलच बोलत राहिलो. राग आला तर येऊ दे, पण खरं सांगतो, ते सोपं होतं. तू नववा उपाय सांगायचीस, मी करायचो. पपईचा गर, काकडीचा रस, भिजवलेले ओट्स. काहीतरी चाललंय असं तुलाही वाटायचं आणि मलाही. हाताच्या डागाला निदान काहीतरी लावता येतं. शिवाय लेप लावला की ती तेवढा वेळ शांत बसायची, काम चालू आहे म्हणून. लेप धुतला की मात्र सुरू. "निघाला का? गिऱ्हाईक येईल. बुधवार झाला का?" आणि मग ती स्वतःच घासायला लागली. आधी नखाने. मग भांड्यांच्या घासणीने. मी ब्रश लपवले, साबण लपवला, सोडा लपवला. तिने मिठाने घासलं. हातमोजे घातले, ते तिने दातांनी काढले आणि मला झापलं, "काम करताना मोजे? मग हाताला कळणार काय?" सोबतीला एक बाई ठेवली. तिला तुझ्या आईने पहिल्या आठवड्यात तीनदा कामावरून काढलं, चौथ्यांदा ती खरंच गेली.

आता जे सांगायचंय ते सांगतो. मागच्या महिन्यात, दुपारची वेळ. मी काउंटरवर होतो, एका माणसाच्या कोटाची पावती लिहीत होतो. मागच्या खोलीतून ब्रशाचा आवाज यायला लागला. तुला माहीत आहे तो, छोटा छोटा, एका लयीत, मध्येच थांबून पुन्हा. किती महिन्यांनी ऐकला! मी सगळे ब्रश कपाटात बंद केले होते, एक कुठेतरी राहिला असणार, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, बसली कामाला. आज चांगला दिवस आहे. आत गेलो तर बहुतेक 'अहो' म्हणेल. म्हणून मी मुद्दाम गेलो नाही, तिची तंद्री मोडू नये म्हणून. कोटवाला गेल्यावर मी खुर्चीत मागे टेकलो, डोळे मिटले आणि तो आवाज ऐकत बसलो. वीस मिनिटं तरी. लोक माझ्या कानांची तारीफ करतात. कापडावर ब्रश कसा वाजतो आणि कातडीवर कसा, एवढा फरक त्यांना कळला नाही.

गंज काढायच्या ॲसिडची बाटली तिने वरच्या फळीवरून स्टूलावर चढून काढली होती. आपण जी सगळ्यात शेवटी वापरतो, एक थेंब, तोही पाण्यात. तिने ती तशीच ओतली होती, डाव्या हातावर, आणि ब्रशाने. मी आत गेलो तेव्हा तिने मान वर केली आणि अगदी समाधानाने म्हणाली, "निघतोय." तो शर्टाच्या बटणाएवढा डाग खरंच निघाला होता. त्याच्याबरोबर बाकीचंही.

हॉस्पिटलात सतरा दिवस काढले. तू रविवारी फोन करायचीस तेव्हा आम्ही तिथेच होतो. मागे ट्रॉलीचा आवाज येतोय म्हणालीस, मी सांगितलं कपड्यांची गाडी आहे. ड्रेसिंग करणाऱ्या नर्सने पहिल्या दिवशी मला विचारलं, "याआधी घरी काही लावलंत का?" तुझ्या उपायांची वही माझ्या खिशात होती. तू हे मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या उपायांनी तिचं काही बिघडलं नाही, लिंबूदह्याने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडलं ते मी एका शब्दाने तिला कामाला लावलं म्हणून. आणि तो शब्द मी बोललो नसतो तरी ती आज याच जागी असती, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. असेलही. पण मग ती दुसरं काही शोधत बसली असती, हातांमागे लागली नसती.

आता आम्ही घरी आहोत. डावी दोन बोटं दुमडत नाहीत. बँडेज ती सोडते, मी बांधतो, ती सोडते. दुकान बंद ठेवलंय, शिंप्याने दाराला पाटी लावलीय. मी आंघोळीला गेलो तरी कान दाराबाहेर असतात, आणि या कानांवर आता माझाच भरवसा नाही. परवा मी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेतली. उठलो तर ती उजवा हात भिंतीला घासत होती, नुसत्या भिंतीला.

काल दुपारी मी तिच्यासमोर पेपर वाचत बसलो होतो. तिने माझा हात ओढून घेतला, पालथा केला, खिडकीकडे वळवला. माझे डाग बघितले. अंगठ्याने एकेक दाबून बघितला, कडेला नख लावून बघितलं, कातडी ताणून बघितली. बँडेजमधून बाहेर आलेल्या बोटांनी, पण अगदी पूर्वीसारखं. मग माझ्याकडे बघितलं, काउंटरपलीकडच्या माणसाकडे बघावं तसं, आणि विचारलं, "कशाचे हे?" मी म्हणालो, वयाचे. "किती दिवसांचे?" म्हटलं, झाले बरेच. "घरी काही लावलंत का?" मी नाही म्हणालो. तिने मान हलवली, खूश झाली. "बरं केलंत. निघेल असं सांगत नाही मी. बघू. बुधवारी या."

बटण, रविवारी फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "आई बरी आहे ना? सुट्टीत येऊ तोपर्यंत हात बरे होतील ना?" आणि मी म्हणालो, "होतील की, त्यात काय." तो शब्द मी परत घेतोय, त्यासाठी हे पत्र. 'बघू'सुद्धा म्हणत नाही. सोबत एक छापील कागद आहे. अशा माणसांना सांभाळतात त्या घराचा आहे. मी जाऊन बघून आलो. खोलीत पलंग, खुर्ची, खिडकी. ब्रश नाही, बाटली नाही, दिवा छताला, हात पोचणार नाही असा. हातांना जाड मऊ पिशव्या बांधून ठेवतात, गाठ मनगटाच्या मागे. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, सवय होते. कुणाला होते ते मी विचारलं नाही. माझी सही केली आहे. दुसरी सही मुलाची किंवा मुलीची लागते, पेन्सिलने फुली केलीय तिथे कर आणि लगेच परत पाठव. घाईने येऊ नकोस, तू आलीस तर ती तुला नंबर देईल आणि तुला त्याचं हसू येणार नाही. त्यांनी बुधवार दिलाय. मी मागितला नव्हता. आणि कागदाला एक गुलाबी चिठ्ठी टाचली आहे, कपाट आवरताना शेवटचा गठ्ठा सापडला. मला काय म्हणायचंय ते तुझ्या आईने कधीच लिहून ठेवलंय: 'प्रयत्न केला. डाग निघाला नाही. आणखी घासल्यास कापड जाईल, म्हणून थांबलो.'

तुझाच,
काउंटरवरचा,
बाबा